मैलाला तीस सेकंद

निपाणीला कुणी जात नाही, निपाणीवरून जातात. गोव्याला निघालेले, बंगळूरला निघालेले, यल्लम्माच्या डोंगराला निघालेले, सगळे तिथं चहापुरते थांबतात, टायरला लाथ मारून हवा बघतात आणि पुढे सुटतात. मीसुद्धा तिथून निदान तीस वेळा तरी गेले असेन. उतरले मात्र या फेब्रुवारीत, पहिल्यांदाच, आणि तेही एका लाल रंगाच्या छोट्या गाडीचा खरा टॉप स्पीड किती हे ठरवायला.

हसू येईल, पण आधी ऐका. साताऱ्यात चौतीस वर्षं मी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. चौतीस वर्षं डावीकडच्या सीटवर, जास्तीच्या ब्रेकवर पाय ठेवून काढली. उजवीकडं बसलेला माणूस आता कुठली चूक करणार हे ओळखणं हाच माझा धंदा. "आरसा बघितला" म्हणणाऱ्यानं तो बघितलेला नसतो आणि "हळूच होतो" म्हणणारा हळू नसतो. संशय घ्यायची ही सवय धंदा बंद केला तरी सुटली नाही. भाजीवालीनं वांगी ताजी म्हटली की मी देठ उलटून बघते.

निपाणीची सुनंदा ही माझी कोल्हापूरच्या होस्टेलची मैत्रीण. जैन घरातली, शेतकरी माणसं, वर शेतीच्या औषधांचं दुकान. जानेवारीत तिचा फोन आला आणि ती रडायलाच लागली. तिच्या मालकांना, म्हणजे अण्णांना, जूनमध्ये अर्धांगाचा झटका आला होता, ते मला ठाऊक होतं. नवीन होतं ते पुढचं. त्या सकाळी मुलानं, भरतेशनं, अण्णांना आपल्या गाडीत घालून बेळगावच्या दवाखान्यात नेलं. अंतर पंचाहत्तर किलोमीटर. त्याला लागला सव्वा तास. मोठी मुलगी पद्मश्री बेळगावात गणिताची शिक्षिका. ती दवाखान्याच्या फाटकात घड्याळ बघत उभी. अण्णांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि कुणीतरी तिला म्हणालं की अर्धा तास आधी आला असता तर बरं झालं असतं.

आता अण्णांनीच वर्षभर आधी सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं की आमच्या भरत्याची गाडी ताशी एकशे त्र्याण्णव जाते. म्हणून मग पद्मश्रीचा प्रश्न: एकशे त्र्याण्णवच्या गाडीला सव्वा तास कसा लागला? भरतेश म्हणायचा, गाडी तेवढी जात न्हाय. ती म्हणायची, मग अण्णा खोटं बोलले का? त्यानंतर आठ महिने बहीणभाऊ बोलत नव्हते. ती दर रविवारी अण्णांना बघायला यायची आणि ती असेपर्यंत हा शेतावर जाऊन बसायचा. अण्णा दोघांची वाट बघत खुर्चीत. सुनंदा म्हणाली, "रेखा, तू ये. दोघांनाबी गाडी तूच शिकवलीयास, तुझं ऐकतील. पोरगं खोटं बोलतंय का हे खोटं बोलले, एकदा काय ते सांगून जा. माझ्यानं आता हे बघवत न्हाय."

दोघांना मी सुट्टीत साताऱ्याला ठेवून शिकवलं होतं. पद्मा नियमाची पक्की. भरतेश गुळमुळीत, चुकला की गप्प बसायचा. माझा संशय कुणावर होता हे वेगळं सांगायला नको.

निपाणी, शुक्रवार

बसमधून उतरल्याबरोबर तंबाखूचा वास नाकात गेला आणि मी सात वेळा शिंकले. गावच्या लोकांना तो वास येतच नाही म्हणे. पाट्या वर कानडीत, खाली इंग्रजीत, आणि माणसं त्या पाट्यांखाली उभी राहून आपल्यासारखं मराठी बोलतात, फक्त मधेच एखादा शब्द तिकडचा. सुनंदाच्या घराचा पत्ता विचारला तर रिक्षावाला म्हणाला, "दोन मैल हाय बाई, उन्हात चालू नका." मी बसले आणि फोनवर नकाशा लावून ठेवला. दोन किलोमीटर झाले न झाले तोच घर आलं. मैल सांगायचे आणि किलोमीटर चालवायचे, असा प्रकार. मी त्याच्याकडं असं बघितलं की बिचाऱ्यानं स्वतःहून बॅग ओसरीपर्यंत आणून ठेवली.

अण्णा खिडकीजवळ खुर्चीत होते. माणूस निम्मा झालाय, पण डोळे तसेच, मिश्कील. डाव्या मनगटावर घड्याळ, चावीचं, त्यांच्या वडिलांचं. अण्णांना घड्याळाचं वेड. दूध किती मिनिटांत उतू जातं, गावातली बस किती मिनिटं उशिरा येते, सगळं खिशातल्या डायरीत लिहायचे. आता लिहिणारा हात गेला आणि बोलण्यातला एकच शब्द उरलाय, "न्हाय." चहा हवा असला तरी न्हाय, नको असला तरी न्हाय. सुनंदाला त्याचे सगळे सूर कळतात. मी विचारलं, ओळखलं का? ते हसून म्हणाले, "न्हाय." म्हणजे ओळखलं होतं.

साडेपाच वाजता ताटं वाढली. या घरात सूर्य बुडाला की जेवण बंद. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, बिनलसणाची शेंगाचटणी, वर घट्ट ताक. चव सुरेख, पण आम्हा सातारकरांचं पोट नवाला जागं होतं त्याला काय करणार? नवाच्या सुमाराला मी पर्समधला चिवडा काढून, पाठ फिरवून, आवाज न करता खात होते. वळले तर अण्णा माझ्याकडंच बघत होते. अर्ध्या तोंडानं असे हसले की ठसका लागला. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चोऱ्या पकडल्या आणि निपाणीत स्वतः सापडले.

जेवणाआधी गाडी बघून घेतली होती. पत्र्याच्या शेडमध्ये उभी. आखूड, बसकी, लाल, बाजूनं काळे पट्टे, मागं दोन सायलेन्सर, डिकीवर पंखासारखी फळी. रूप असं की उभी असली तरी घाईत वाटावी. मागच्या काचेवर रेडियमचे मोठे आकडे, १९३, आणि खाली तोच आकडा कानडीत. कुणी पुण्याई लिहितं, कुणी देवाचं नाव लिहितं, अण्णांनी पोराच्या गाडीवर आकडा लिहून घेतला होता.

मी टॉर्च घेऊन खाली वाकले. भरतेश बाजूला हाताची घडी घालून उभा. गाडी चालवणारा खोटं बोलतो, टायर बोलत नाही. वेगात वळणं घेणाऱ्याचे टायर कडेला खरवडलेले असतात, हे कडेला जवळपास कोरे होते. ब्रेकच्या चकत्या गुळगुळीत. म्हणजे एक तर ही गाडी एखाद्या म्हातारीसारखी चालवली गेली होती, नाहीतर मला बोलावल्यावर पुरावा बदलला होता. मी विचारलं, टायर कधी बदलले? तो म्हणाला, गाडीबरोबर आलेले हेच हायत मावशी. माझा विश्वास बसला नाही. टायरवर तो बनवल्याचा आठवडा आणि साल छापलेलं असतं, ते वाचून बघितलं. खरं बोलत होता. त्यानं माझा संशय कमी झाला नाही, फक्त जागा बदलून दुसरीकडं बसला.

"खरंच किती जाते रे ही?" मी विचारलं.

"ठाव न्हाय मावशी. कधी बघितलंच न्हाय."

असली गाडी घेणारा तिशीतला पोरगा सांगतो की मी कधी बघितलंच नाही. कोण विश्वास ठेवेल? गावात चौकशी केली तर आकड्यांचा पाऊस. गॅरेजवाला म्हणाला एकशे ऐंशी सहज. शेजारचे दुकानदार दोनशे. पेट्रोल पंपावरच्या माणसानं तर दोनशे दहावर बोट ठेवलं, कारण मीटरवर तेवढे आकडे छापलेत. छापायला काय जातंय? गाडीसोबतचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. आरसा कसा पुसावा यावर दोन पानं होती, टॉप स्पीडचा पत्ता नव्हता.

मग सुनंदानं अण्णांची डायरी आणून दिली. त्यात अण्णांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: भरत्यासंगट. तवंदी घाटाच्या पुढं. मैल ते मैल. ३० सेकंद. फुल्ल. आणि त्याखाली पद्माच्या मास्तरीण अक्षरात: ताशी १९३ कि.मी. दोन रेघांनी अधोरेखित.

बेळगाव, शनिवार

भरतेश गाडीनं सोडतो म्हणाला, मी बसनं गेले. ज्याची चौकशी करायची त्याच्या गाडीतून फिरायचं नसतं. रस्त्याला रुंदीकरणाचं काम चाललंय, दर थोड्या अंतरावर बाजूचा रस्ता, धूळ, पिवळे बाण. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

पद्मा खासबागेत राहते. घर तिच्यासारखंच, चपलासुद्धा ओळीत. तिनं कुंदा समोर ठेवला. आपल्याकडं पेढ्यात आटलेलं दूध असतं, पण इकडं दूध पार तपकिरी होऊन जीव सोडेपर्यंत आटवतात, आणि काय सांगू, दुसरी वाटी मागून घेतली. खाता खाता म्हटलं, हिशेब दाखव. तिनं पाठकोऱ्या कागदावर मांडला. तीस सेकंदाला एक मैल. मैल म्हणजे एक पूर्णांक सहा किलोमीटर आणि थोडं. तासाला एकशे त्र्याण्णव. मी दोनदा गुणून बघितलं. गुणाकार चोख होता.

"त्या वेगानं पंचाहत्तर किलोमीटरला तेवीस मिनिटं," ती म्हणाली. "मी काय वेडी न्हाय मावशी, भर रस्त्यात तसं कुणी जात न्हाय, हे मलाबी कळतं. पण निम्म्या वेगानं आला असता तरी पाऊण तासात यायचा. सव्वा तास? कुठंतरी थांबला हा. घाबरला असंल, कुणाला फोन करत बसला असंल, काहीबी असंल. सांगत का न्हाय?"

अर्धा तास आधी आला असता तर, हे कुठल्या डॉक्टरनं सांगितलं ते मी विचारलं. डॉक्टर नव्हता, म्हणाली, बाकावर बसलेल्या कुणाचा तरी नातेवाईक होता. मी तिच्याकडंही संशयानं बघितलं. कुणावर तरी रागावल्याशिवाय तिला अण्णांकडं बघवत नव्हतं, असं मला त्या क्षणी वाटलं. पण तिची वजाबाकी काही चुकत नव्हती.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर कोथिंबिरीचं गाठोडं. सवयीनं विचारलं, संकेश्वर किती राहिलं? तिनं खिडकीतून बोट केलं आणि म्हणाली, "चार मैल." बोटाच्या दिशेनं बघितलं तर रस्त्याकडेला पिवळ्या टोपीचा दगड. त्यावर आकडा, चार.

मी म्हटलं, अहो, ते किलोमीटर ना?

"व्हय. मैलच की."

माझ्या डोक्यात लख्ख झालं आणि पाठोपाठ स्वतःचाच राग आला. आपण साताऱ्यातसुद्धा त्या दगडाला मैलाचा दगडच म्हणतो की. मैल जाऊन किती वर्षं झाली, शब्द तिथंच रस्त्याकडेला उभा आहे. रिक्षावाल्यानं मला फसवलं नव्हतं. त्याचे दोन मैल म्हणजे दोन दगड. आणि अण्णांचं मैल ते मैल म्हणजे दगड ते दगड, एक किलोमीटर. तीस सेकंदाला एक किलोमीटर म्हणजे ताशी एकशे वीस. अण्णा खरं बोलले होते. पद्मानं गुणाकार बरोबर केला होता, फक्त शाळेच्या पुस्तकातला मैल घेऊन. त्याच भाषेत जन्मलेली मुलगी, पण गणित करायला बसली की तिचा मैल बदलला.

मी बसमध्येच टाळी वाजवणार होते, इतक्यात संशयानं परत डोकं वर काढलं. डायरीत फुल्ल लिहिलंय. ही गाडी फुल्ल आणि फक्त एकशे वीस? हट्. माझी स्कूलची जुनी खटारा गाडी उतारावर शंभर जायची.

घरी पोचल्यावर भरतेशला शेडमध्ये नेलं आणि डायरी समोर धरली. तेव्हा तो कबूल झाला. अण्णांचं हृदय आधीपासूनच नाजूक, डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं. पण हौस दांडगी. शेजारी बसायचे, डोळे घड्याळावर, म्हणायचे सोड फुल्ल. ह्यानं काटा एकशे तीसच्या आत ठेवला आणि सांगितलं, फुल्ल हाय अण्णा. त्यांनी दगड ते दगड मोजलं, पोरीला फोनवर सांगितलं, पोरीनं एकशे त्र्याण्णव काढलं, आणि अण्णांनी गावभर पेढे वाटून रेडियमवाल्याकडं आकडा कापायला टाकला. "मी काय सांगू मावशी? अण्णा, मी तुम्हाला फसवलो म्हणून सांगू?" उलट बाजारात कुणी विचारलं की हाही मान डोलवायचा. पुढं तोच आकडा त्याच्या गळ्याशी आला.

इथवर पटलं. पण एकशे वीस म्हटलं तरी पंचाहत्तर किलोमीटरला चाळीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत. उरलेला वेळ कुठं गेला? तो म्हणाला, रस्त्याचं काम होतं. मी परतीच्या बसच्या कंडक्टरला ते आधीच विचारून ठेवलं होतं. काम दिवाळीनंतर सुरू झालं. जूनमध्ये रस्ता मोकळा होता. तसं सांगितल्यावर भरतेशनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि दुकानाची किल्ली घेऊन निघून गेला.

म्हणजे पोरगा काहीतरी लपवत होता. खरं सांगते, त्या संध्याकाळी मला त्याची चीड आली. आणि सुनंदाची भीती वाटली, कारण उद्या तिला काय सांगायचं ते मला कळत नव्हतं.

तवंदीचा घाट, रविवार

सकाळी पद्मा आली. भरतेश शेताकडं निघाला होता, मी दारात आडवी उभी राहिले. सगळ्यांनी गाडीत बसायचं, म्हटलं, चालवणार मी. मैलाचा घोळ काय झाला ते दोघांसमोर सांगितलं. पद्मा आधी ओशाळली, मग लगेच सावरून म्हणाली, मग एकशे वीसनं मोजू. शिक्षिका ती शिक्षिका. मागच्या सीटवर एका खिडकीशी ती, दुसऱ्या खिडकीशी भरतेश, मध्ये दोघांना पुरेल एवढी भिंत. पुढं माझ्या डावीकडं अण्णा, पट्टा लावून, उशी देऊन. बाहेर जायला मिळालं म्हणून खूष. सुनंदा फाटकात उभी राहिली, आली नाही.

गाडी चांगली आहे हो, उगाच नावं ठेवायची नाहीत. पाय टेकवला की पुढं झेपावते, स्टिअरिंग बोटानं वळतं. घाट मी सावकाश चढवला. उजवीकडं डोंगर, डावीकडं खाली निपाणीची घरं आणि तंबाखूची काळी रानं. अण्णा बाहेर बघत होते आणि त्यांच्या तोंडातून मधूनच खुशीतलं न्हाय निघत होतं. घाट संपला, रस्ता सरळ झाला. पद्मानं फोनवरचं घड्याळ हातात धरलं. ठरलं असं होतं की आधी ऐंशी, मग शंभर, कायद्यात बसेल तेवढंच.

काटा सत्तरच्या पुढं गेला आणि अण्णांनी बाहेर बघायचं थांबवलं. पंचाहत्तर झाले. त्यांनी डावा हात अंगावरून आडवा आणून माझं मनगट धरलं. गिअरवर हात असताना कुणी धरला की माझ्या अंगावर काटा येतो. हे धरणं नव्हतं, आवळणं होतं. एवढी ताकद त्या हातात असेल असं वाटलं नव्हतं. "न्हाय," ते म्हणाले. "न्हाय, न्हाय, न्हाय." हा सूर मला सुनंदाकडून समजून घ्यायची गरज पडली नाही.

मी वेग कमी केला. साठ-पासष्टवर काटा आला तेव्हा हात सुटला. अण्णा घामानं डबडबले होते. अर्धं अंग आपलं नसलेला माणूस, गाडी जरा झेपावली की तोल जातो, सावरायला हात नाही, सांगायला शब्द नाही. मी चौतीस वर्षं भेदरलेली माणसं शेजारी बसवली आहेत, ही भीती ओळखते. तरी माझा स्वभाव मेला वाईट. थोड्या वेळानं हळूच परत पाय दाबला, खात्री करायला. सत्तरच्या पुढं गेल्याबरोबर पुन्हा हात, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा करायचं धाडस झालं नाही, आणि केलं तेवढ्याचीही आज लाज वाटते.

आरशात बघितलं तर भरतेश खिडकीबाहेर बघत होता आणि पद्मा त्याच्याकडं.

"त्या दिवशीबी?" तिनं विचारलं. आठ महिन्यांत त्याच्याशी बोललेला तिचा पहिला शब्द.

मी आरशातून म्हटलं, सांग रे आता.

"व्हय," तो म्हणाला. "निपाणीपासनं काकतीपतुर, पार बेळगावच्या तोंडापतुर. वेग वाढवला की हात धरायचे. सोडवला तर रडायचे. अण्णांना रडताना बघितलंस काय कधी आक्का?"

"मग सांगायचं न्हाईस व्हय रं?"

"काय सांगू? अण्णांनीच हात धरला म्हणून उशीर झाला, असं सांगू?"

अण्णा समोर बघत होते. त्यांना सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पद्मा रडेल असं मला वाटलं होतं. तिनं फोन वर धरला आणि दगड येताच घड्याळ सुरू केलं. मी काटा हलू दिला नाही. पुढचा दगड आला. "साठ," ती म्हणाली. परत सुरू केलं. "एकसष्ट." परत. "साठ." मीटर नेहमी थोडं जास्तच दाखवतं, त्यामुळं पासष्ट दिसत असले तरी खरा वेग साठच होता, मिनिटाला एक दगड. चौथ्या दगडाला तिनं फोन मांडीवर ठेवला.

"पंचाहत्तर दगड," ती म्हणाली. "पंचाहत्तर मिनिटं. कुठंबी थांबला न्हाईस."

आणि मग रडली. पुढं वाकून अण्णांच्या सीटला डोकं टेकवून, लहान पोरीसारखी. भरतेशनं आधी खिडकीकडं तोंड केलं, मग कधीतरी त्याचा हात तिच्या पाठीवर आलेला मला आरशात दिसला. मी आरसा वर वळवला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा गाडी मागचं न बघता चालवली.

स्तवनिधीच्या देवळापाशी फिरून परत आलो. फाटकात सुनंदानं चारही दरवाजे उघडलेले बघितले, दोघांना मिळून अण्णांना उतरवताना बघितलं, आणि काही न विचारता आत जाऊन ताटं घ्यायला लागली. ऊन अजून डोक्यावर होतं. त्या दिवशी पाच माणसं एका ओळीत जेवली. पद्मानं वाढलेली भाकरी भरतेशनं गुपचूप खाल्ली, मग दुसरी आणि तिसरीही मागितली.

जेवण झाल्यावर पद्मानं डायरी काढली आणि आपल्या १९३ वर रेघ मारून खाली १२० लिहिलं. त्याखाली कंसात लिहिलं, मैल म्हणजे दगड. मग भांड्यातलं गरम पाणी आणि सुरी घेऊन शेडकडं निघाली, काचेवरचा आकडा खरवडायला. भरतेशही मागोमाग गेला. अण्णांची खुर्ची खिडकीत. पद्मानं एक आकडा पाण्यानं भिजवला असेल नसेल, आतून आवाज आला.

"न्हाय."

दोघं वळली. अण्णांनी डावा हात खिडकीच्या गजातून बाहेर काढला होता आणि बोट गाडीकडं रोखलं होतं. "न्हाय," ते परत म्हणाले, चांगलं दरडावून. पद्मानं सुरी खाली ठेवली.

सोमवारी मी साताऱ्याला परत आले. त्या गाडीचा खरा टॉप स्पीड किती, मला अजून ठाऊक नाही, भरतेशलाही नाही, आणि आता कुणी बघेल असं वाटत नाही. सुनंदाचा फोन येतो. दर रविवारी बहीणभाऊ अण्णांना घेऊन घाटापलीकडं फिरायला जातात, अण्णा डाव्या मनगटावर नजर ठेवून दगड ते दगड मोजतात आणि मैलाला एक मिनिट भरलं की खूष होतात. तेव्हा तुम्ही कधी निपाणीवरून पुढं जात असाल आणि समोर एक लाल, आखूड गाडी साठच्या वेगानं चाललेली दिसली, मागच्या काचेवर १९३ लिहिलेली, तर हसा हवं तर, पण हॉर्न मारू नका.